परदेशात रॅली शिकायची तर गाडी सगळ्यात शेवटी घ्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

स्विंडन, लिस्बन, कुवेत, दोहा अशा ठिकाणी गेलेल्या गोव्यातल्या तरुणांचा एक प्रश्न आमच्याकडे सारखा येतो: मोटर रॅलीत उतरायचे आहे, कुठली गाडी घेऊ? त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो. हे कायद्यात बसते का, आणि पोराच्या जिवाला धोका किती? आपल्या दैनिकाचे वाचक दोन्हीकडे आहेत, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आमचे म्हणणे सरळ आहे. आधी एक हंगाम मार्शल, म्हणजे वाटेवर उभे राहून गाड्यांवर लक्ष ठेवणारा आणि प्रेक्षकांना सावध करणारा स्वयंसेवक, म्हणून काम करा, मग नेव्हिगेटरच्या, म्हणजे चालकाशेजारी बसून वाट सांगणाऱ्याच्या, सीटवर बसा, आणि गाडी सगळ्यात शेवटी घ्या. नव्याने परदेशी गेलेल्या माणसाकडे पैसा, गॅरेज, ओळखी आणि तिथल्या रस्त्यांचा अंदाज, यांतले काहीच पुरेसे नसते. मार्शलला आणि नेव्हिगेटरला यांतले काही सुरुवातीला लागतही नाही. ते काम करता करता मिळत जाते.

आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. रात्री रिकाम्या पुलावर दोन मोटारी पळवणे हा गुन्हा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ब्रिटनमध्ये यासाठी रोड ट्रॅफिक कायद्याचे कलम १२ आहे. तिथली स्टेज रॅली, म्हणजे घड्याळ लावून पूर्ण वेगाने गाडी चालवायची रॅली, सरकारी जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर, जुन्या विमानतळांवर किंवा रेसिंग सर्किटवर होते. सार्वजनिक रस्ता बंद करून स्टेज, म्हणजे असा वेगाचा टप्पा, घेण्याची मुभा इंग्लंडमध्ये अलीकडची. नव्या कायद्याखालची पहिली अशी रॅली एप्रिल २०१८ मध्ये एसेक्समधल्या क्लॅक्टनला झाली. वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर होतात त्या नकाशा वाचण्याच्या स्पर्धा, आणि त्यांत सरासरी वेग ताशी ३० मैलांच्या वर ठेवता येत नाही. स्टेजवर गाड्या एकेक करून, अर्ध्या किंवा एका मिनिटाच्या अंतराने सुटतात. एकाच वाटेवर दोन गाड्या शेजारी शेजारी पळवायच्या नसतात.

धोका मात्र आहे, आणि तो लपवून काही साधणार नाही. १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत, लिस्बनजवळच्या सिंत्राच्या स्टेजवर, गाडी प्रेक्षकांत घुसली आणि तिघे दगावले. २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसे गाडीच्या बाहेर होती. गाडीत बसलेल्यांना रोल केज (गाडीच्या आतला पोलादी पिंजरा), पट्टे आणि हेल्मेट असते. बाहेरच्या माणसाला फक्त मार्शलची शिट्टी असते. म्हणूनच ज्याला हा खेळ शिकायचा त्याने मार्शलपासून सुरुवात करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

ब्रिटनमधली अधिकृत संघटना मोटरस्पोर्ट यूके. तिच्याकडे मार्शल म्हणून नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत आणि सुरुवातीचे प्रशिक्षण ऑनलाइन होते. घोट्यावर चढणारे बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, वर पावसाळी जाकीट, शिट्टी, बॅटरी, दिवसभराचे खाणे आणि पेन्सिल एवढे जवळ ठेवा. पेन्सिल यासाठी, की वेल्सच्या जंगलात कागद ओला होतो आणि बॉलपेन त्यावर उमटत नाही. कपडे सुती यासाठी, की नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहायचे नाही, कारण ब्रेक चुकलेली गाडी सरळ तिकडेच येते. आतली बाजूही वाईट: कड कापणारे चाक दगड उडवते. उंच जागी, पाठीमागे पळायला वाट ठेवून उभे राहायचे, आणि बसायचे नाही.

एकाच वळणावर साठ गाड्या जाताना बघितल्या, की शिकवणीतून मिळत नाही असे बरेच काही कळते. पहिल्या दहा गाड्या ब्रेक कुठे दाबतात आणि शेवटच्या दहा कुठे, हे कानांनीच समजते. वेगवान चालक वळणाच्या आधी, चाके सरळ असताना ब्रेक मारून संपवतो आणि वळणात इंजिनाचा आवाज एकसारखा वाढत जातो. नवखा वळणात शिरल्यावर ब्रेक मारतो, पुढची चाके घसरतात, गाडी बाहेर जाते, मग तो गॅस सोडतो आणि मागचा भाग फिरतो. हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. पहिल्या फेरीत गुळगुळीत असलेल्या कच्च्या रस्त्याला दुसऱ्या फेरीत चाकोऱ्या पडतात, आणि कालपर्यंत बुडाला न लागणारा दगड आज वर आलेला असतो. कुठल्या गाड्या टोचनाला बांधून परत जातात आणि कशामुळे, हेही तिथेच कळते. पुढे गाडी घेताना ही माहिती कामाला येते.

मार्शल म्हणून दोन-चार ठिकाणी दिसलात की क्लबातली माणसे ओळखू लागतात. नेव्हिगेटरची सीट अशीच मिळते, कारण चालक भरपूर आणि नेव्हिगेटर कमी, ही ब्रिटनमधल्या क्लबांची कायमची अडचण आहे.

सुरुवात करावी ती बारा गाड्यांच्या नाइट रॅलीत. बारापर्यंत गाड्या असल्या की कायद्याने वेगळी मंजुरी लागत नाही, त्यामुळे छोटे क्लब हिवाळ्यात अशा रॅली घेतात. साधी, रस्त्यावरची, विमा आणि वार्षिक तपासणी असलेली गाडी चालते. प्रवेश फी साधारण २०-३० पौंड, आणि मोटरस्पोर्ट यूकेचे आरएस क्लबमन नावाचे प्राथमिक लायसन्स फुकट मिळते. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत स्पर्धा धरलेली नसते. आयोजक थोड्या पैशात त्या रात्रीपुरते थर्ड पार्टी कवच देतात, ते प्रवेश अर्जातच मागून घ्या. आपल्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही.

नेव्हिगेटरचे हत्यार म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचा १:५०,००० चा नकाशा. पूर्ण ब्रिटनचे असे २०४ नकाशे आहेत, स्विंडनचा क्रमांक १७३. नकाशावरची जागा सांगणारा सहा आकडी संदर्भ वाचता येणे ही पहिली पायरी. समजा १५२८४७ असा आकडा दिला. पहिले तीन आकडे पूर्वेकडे मोजायचे: १५ क्रमांकाची उभी रेघ, तिच्या उजवीकडे दोन दशांश. पुढचे तीन उत्तरेकडे: ८४ क्रमांकाची आडवी रेघ, तिच्या वर सात दशांश. नकाशावर एक किलोमीटरचा चौकोन दोन सेंटिमीटरचा, म्हणजे एक दशांश दोन मिलिमीटर. पेन्सिल दोन मिलिमीटर सरकली की जमिनीवर शंभर मीटरची चूक, आणि इंग्लंडच्या अरुंद गल्ल्यांत शंभर मीटरवर वेगळा फाटा असतो. म्हणून रोमर नावाची प्लास्टिकची छोटी पट्टी मिळते, तिच्या कोपऱ्यावर या दशांशांच्या खुणा असतात. ती गळ्यात दोऱ्याने बांधा, नाहीतर पहिल्याच वळणाला सीटखाली जाईल. २बी पेन्सिली चार-पाच, खोडरबर, बोर्डला नकाशा धरून ठेवणाऱ्या क्लिपा, आणि पोटी म्हणून ओळखले जाणारे, आतून उजेड देणारे भिंग. पोटीचा उजेड मंद करता आला पाहिजे, झगझगीत असला तर चालकाच्या डोळ्यांवर येतो.

वाटेत झाडाला, खांबाला अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. ती अक्षरे कार्डावर शाईने लिहायची. बरोबर रस्त्याने आलात याचा तोच पुरावा. नवखे नेव्हिगेटर इथे हमखास फसतात: पुढचा संदर्भ नकाशावर उतरवण्यात डोके खाली राहते आणि पाटी सुटते. चालकाला आधीच सांगून ठेवा, पाटी शोधायचे काम तुझे. काही गावांतून जायला मनाई असते आणि काही ठिकाणी आवाज न करता हळू जायचे असते. त्या जागा सगळ्यात आधी लाल पेनने नकाशावर गोल करून घ्या. गावकऱ्याची एक तक्रार त्या क्लबाची पुढच्या वर्षीची परवानगी घालवू शकते.

मळमळ सगळ्यांना होते. अंधारात, हलत्या गाडीत, नकाशावर डोळे लावून बसल्यावर कान आणि डोळे मेंदूला दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. संध्याकाळी हलके खा, तळलेले टाळा, काच बोटभर उघडी ठेवा, आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी मान वर करून रस्ता बघा. गोळी घ्यायची तर झोप न आणणारी, आणि ती रॅलीआधी एकदा घरी घेऊन बघा.

सुट्टीत घरी आलात तर आपल्याकडच्या टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीचा, म्हणजे दिलेल्या सरासरी वेगाने ठरल्या वेळी पोहोचायच्या रॅलीचा, सराव जरूर करा. त्यात हिशेब आहे, वेग नाही. अंतर किलोमीटरमध्ये घ्या, ३६०० ने गुणा, दिलेल्या सरासरी वेगाने भागा, उत्तर सेकंदांत येते. ताशी ३० ला किलोमीटरला १२० सेकंद, ३६ ला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०. हे चार आकडे तोंडपाठ असावेत. फोंडा-मोले रस्त्यावर, वाहतुकीचे सगळे नियम पाळून, चालवणारा एक आणि घड्याळ बघणारा दुसरा, असा सराव सहज होतो.

यातली खरी मेख गाडीच्या मीटरमध्ये असते. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने १.६ पर्यंत झिजलेला टायर चालतो. त्रिज्या ६.४ मिलिमीटर कमी झाली की छोट्या गाडीच्या चाकाचा घेर सुमारे दोन टक्क्यांनी घटतो, आणि मीटर तेवढेच जास्त अंतर दाखवतो. शंभर किलोमीटरला दोन किलोमीटर. ताशी ३६ च्या सरासरीला हे २०० सेकंद झाले. यासाठी आयोजक सुरुवातीला मोजून दिलेला टप्पा ठेवतात. त्यांचे १०.०० आणि तुमचे १०.२३ आले, तर रोडबुकातले, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या मार्गाच्या वहीतले, प्रत्येक अंतर १.०२३ ने गुणून घ्या. हे करायच्या आधी टायरमधली हवा ठरवा आणि दिवसभर तीच ठेवा. सरावाला महामार्गावरचे किलोमीटरचे दगड घ्यायला हरकत नाही, पण एका दगडावर विसंबू नका, दहा दगडांची सरासरी धरा. रस्ता रुंद करताना दगड हललेले असतात.

स्टेज रॅलीत नेव्हिगेटरला पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांची आधी लिहून ठेवलेली वर्णने, चालकाला वाचून दाखवायची असतात. वळणाला आकडा असतो, पुष्कळ जण एक म्हणजे सगळ्यात घट्ट आणि सहा म्हणजे जवळपास सरळ असे धरतात, काही जण उलटे. चालकाची पद्धत आधी विचारा. चोर्ला घाटातले आत आत आवळत जाणारे उजवे वळण, ज्याच्या आतल्या कडेला गटार आहे, ते ‘राइट थ्री, टाइटन्स, डोन्ट कट’ असे येईल. वाचणे सोपे असते, वेळ साधणे कठीण. चालक एका वळणात शिरत असतो तेव्हा त्याच्या कानात पुढचे वळण पडले पाहिजे. फार लवकर सांगितले तर तो विसरतो, उशिरा सांगितले तर उपयोग नाही. गाडी हवेत उडाली किंवा जोरात आपटली की पानावरची ओळ हरवते, म्हणून अंगठा कायम चालू ओळीखाली ठेवायचा. ओळ हरवलीच तर गप्प बसू नका, ‘लॉस्ट’ म्हणा. चालक वेग कमी करेल. अंदाजाने वाचलेल्या नोटवर गाडी झाडावर जाते.

टाइम कार्डही नेव्हिगेटरकडेच. १०:१२ ला वेळ नोंदवणाऱ्या एका नाक्यावरून सुटलात आणि पुढच्याला २३ मिनिटे दिली आहेत, तर कार्ड १०:३५:०० ते १०:३५:५९ या मिनिटात द्यायचे. आंतरराष्ट्रीय नियमांत उशिराला मिनिटामागे १० सेकंद आणि लवकर गेल्यास मिनिटामागे पूर्ण ६० सेकंद दंड आहे. पिवळ्या पाटीपासून नाक्याची हद्द सुरू होते आणि तिथे आपल्या मिनिटाच्या फार तर एक मिनिट आधी शिरता येते. तोवर पाटीच्या अलीकडे थांबून राहायचे. चालकाने दिवसभर जिवाचे रान करून कमावलेले दहा सेकंद घाईघाईत दिलेल्या एका कार्डाने जातात, हे प्रत्येक रॅलीत कुणा ना कुणाचे होते.

अपघात झाला तर पहिल्या मिनिटात काय करायचे हे इतके घोटलेले हवे, की डोके बधिर असतानाही हात चालले पाहिजेत. दोघेही धड असाल तर ‘ओके’चा फलक येणाऱ्या गाड्यांना दाखवा, आणि लाल त्रिकोण गाडीच्या किमान ५० मीटर आधी ठेवा. डॉक्टर हवा असेल तर फलकाची लाल ‘एसओएस’ बाजू. तो फलक दिसला की मागून येणाऱ्या पहिल्या गाडीने थांबलेच पाहिजे, मग ती पहिल्या नंबरावर का असेना. फलक आणि पट्टा कापायची कातर बसल्या जागेवरून दोघांच्याही हाताला लागली पाहिजेत, पट्टे बांधलेले असताना. हे सर्व्हिसमध्ये, म्हणजे स्टेजांच्या मध्ये गाडी दुरुस्त करायच्या जागी, उभ्या गाडीत करून बघा.

आता लायसन्स. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते. पोर्तुगालचे लायसन्स असेल तर ते परीक्षेशिवाय बदलून मिळते. चालक म्हणून स्टेज रॅलीत उतरायला रॅली शाळांच्या संघटनेची, बार्सची, परीक्षा लागते: नियमांची लेखी आणि प्रत्यक्ष गाडीवरची. विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळावी. त्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई आहे. हौशी म्हणून भाग घ्या; कुणी मानधन किंवा पगारी करार पुढे केला तर सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला विचारा. आंतरराष्ट्रीय लायसन्स दुसऱ्या देशाच्या संघटनेकडून घ्यायचे तर आपल्या एफएमएससीआयची, म्हणजे भारतातल्या मोटर खेळांच्या संघटनेची, संमती लागते. क्लब पातळीवर तेवढी वेळ येत नाही.

अंगावरचे सामान गाडीच्या आधी घ्या, कारण नेव्हिगेटरलाही तेच लागते. हेल्मेट जुने घेऊ नका. आतला फोम एकदा दबला की वरून काही दिसत नाही आणि दुसऱ्या धडकेला तो उपयोगाचा नसतो. एफआयए (मोटर खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना) ८८५९-२०१५ किंवा स्नेल एसए२०२० हे शिक्के बघा. मोटरसायकलचे हेल्मेट चालत नाही. मानेच्या संरक्षणाचे हान्स उपकरण ८८५८ शिक्क्याचे, आणि हेल्मेटवर त्याच्या खुंट्या बसवलेल्या हव्यात. आगीपासून वाचवणाऱ्या सूटवर ८८५६-२०१८ चा शिक्का. इंटरकॉमची, म्हणजे हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायच्या यंत्रणेची, बाब लहान वाटते पण दिवस घालवते: पेल्टर आणि स्टिलो या दोन कंपन्यांची जोडणी वेगळी असते, मध्ये अडॅप्टर लागतो. चालकाच्या गाडीत काय आहे ते विचारूनच हेल्मेट घ्या.

एवढे झाल्यावर गाडी. स्वतः बांधायच्या भानगडीत पडू नका, लॉगबुक, म्हणजे स्पर्धेसाठी तपासणी झाल्याची नोंदवही, असलेली तयार गाडी घ्या. भाड्याच्या घरात, गॅरेज नसताना बांधायला काढलेली गाडी बहुधा अर्धवटच विकली जाते. ब्रिटनमध्ये १४०० सीसीपर्यंतच्या वर्गात निसान मायक्रा, प्यूजो १०६, सिट्रोएन सी२ अशा गाड्या खूप आहेत, सुटे भाग भंगारात मिळतात आणि कमी ताकदीच्या गाडीत वळणातला वेग टिकवायला शिकावे लागते. दोनशे घोड्यांच्या गाडीत चूक ताकदीने झाकली जाते आणि चालक तिथेच अडकतो.

गाडी बघायला जाताना इंजिनाला भुलू नका, पत्रा बघा. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे आपल्याकडे मिरामार-कळंगुटच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारीसारखा गंज खालून लागतो. दाराखालची पट्टी, शॉकअपचा वरचा बसका, मागच्या अ‍ॅक्सलचे सांधे आणि केजचे पाय जिथे जमिनीला बसतात ती जागा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. केजच्या मुख्य कमानीची नळी ओढून केलेल्या, बिनसांध्याच्या पोलादाची, ४५ मिलिमीटर व्यासाला २.५ मिलिमीटर जाडीची किंवा ५० ला २.० ची असावी. बोल्टने बसवलेल्या पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी हवी, नाहीतर धडकेत पाय पत्र्यातून आरपार जातो. सीट आणि पट्ट्यांवरच्या तारखा वाचा: ८८५५-१९९९ ची सीट पाच वर्षांची, ८८६२-२००९ ची दहा वर्षांची, पट्ट्यांवर शेवटचे वर्ष छापलेले असते. दोन सीटा आणि दोन पट्टे नवे घ्यावे लागले, की ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून घेतलेली गाडी महाग पडते. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत, १० अंशांच्या आत असले तर उत्तम. जास्त उतार असला तर धडकेत पट्टा खांदे खाली ओढतो आणि मणका दबतो. आग विझवणाऱ्या यंत्रणेची तपासणी दर दोन वर्षांनी, तिची तारीखही बघा.

स्टेजवर नवख्यांच्या गाड्या इंजिन फुटून क्वचित बंद पडतात. चाकाचे नट ढिले होतात, कारण रंगवलेली रिम पहिल्या स्टेजला बसते. पहिली स्टेज संपली की टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. ब्रेकचे पेडल तळाला जाते, कारण तेल जुने असते. डॉट ४ चे नवे तेल किमान २३० अंशांना उकळते, पाणी शोषलेले १५५ ला. प्रत्येक हंगामाआधी पूर्ण बदला. टाकी पावपेक्षा खाली गेली की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जाते आणि इंजिन अडखळते. लोक विनाकारण प्लग बदलत बसतात. कच्च्या रस्त्यावर चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, फुटतो, म्हणून जाड अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर गार्ड हवा, आणि त्याचे बोल्ट रस्त्यावर घासणार नाहीत असे आत बसवलेले असावेत. घासून डोकी गेलेले बोल्ट सर्व्हिसच्या वीस मिनिटांत निघत नाहीत. सोबत एक ड्राइव्हशाफ्ट, एक लोअर आर्म, आल्टरनेटरचा पट्टा, दोन स्टेपन्या आणि गाडीखाली अंथरायला ताडपत्री. ताडपत्री नसेल तर ब्रिटनमध्ये सर्व्हिसला गाडी उचलूच देत नाहीत. गाडी ट्रेलरवरून न्यायची तर ब्रिटिश लायसन्सवर १६ डिसेंबर २०२१ पासून साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर वेगळ्या परीक्षेशिवाय ओढता येतो.

पहिली स्टेज रॅली एकाच जागेवर होणारी निवडा, सर्किट किंवा विमानतळावरची. एक दिवसाची, झाडे कमी, आणि बिघडले तर सर्व्हिस हाकेच्या अंतरावर. प्रवेश फीच चारशे पौंडांच्या आसपास किंवा वर जाते, त्यात टायर, पेट्रोल, व्हॅन वेगळे. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाने हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

पोर्तुगालमध्ये लायसन्स एफपीएके ही संघटना देते, आणि डावीकडे स्टिअरिंग असल्याने नेव्हिगेटर उजवीकडे बसतो. बाकी क्रम तोच. आखातात चित्र वेगळे आहे. तिथे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या रॅली मोठ्या. अबुधाबीची डेझर्ट चॅलेंज १९९१ पासून चालू आहे. कुवेतमध्ये परदेशी नोकरदाराला साधे ड्रायव्हिंग लायसन्स मिळायलाही पगार आणि वास्तव्याच्या अटी असतात. त्यामुळे तिथे मार्शलचे कामच दार उघडते, आणि बहारीनसारख्या ठिकाणी ते करणारे भारतीय पुष्कळ आहेत. मालकाची लेखी परवानगी आधी घ्या. वाळूत टायरची हवा बरीच कमी करून चालवतात आणि डांबरावर आल्यावर लगेच भरतात; न भरता वेगाने गेले की टायरची भिंत तापून फाटते.

शेवटी घरच्यांशी संबंधित दोन कामे. आयुर्विम्याच्या अर्जात धोक्याच्या छंदांविषयी विचारलेले असते, तिथे मोटर रॅली खरीखरी लिहा. लपवलेत तर दावा नाकारला जाऊ शकतो. आणि प्रवेश अर्जावर अपघात झाल्यास कुणाला कळवायचे त्या रकान्यात गोव्यातल्या आईचा नंबर एकटा लिहू नका. इंग्लंडमध्ये संध्याकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते, आणि परक्या इंग्रजीतला फोन घाबरवून टाकतो. पहिले नाव त्याच शहरात राहणाऱ्या, गाडी घेऊन रुग्णालयात पोहोचू शकणाऱ्या माणसाचे द्या. घरचा नंबर भारताच्या कोडसह त्याच्याकडे द्या, म्हणजे घरी मराठीत किंवा कोकणीत तोच सांगेल.

आपले,
रॅलीत नेव्हिगेटर, मार्शल आणि मेकॅनिक म्हणून काम करणारे काही वाचक,
फोंडा, गोवा